पैसा दोनदा, खर्च बाराही महिने

वर्तमानपत्रांत, मोबाइलवर घरखर्चाचे जे सल्ले येतात ते बहुतेक पगारदाराला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. महिन्याच्या उत्पन्नातून इतके टक्के बाजूला काढा, इतके खर्चा, इतके गुंतवा. धामणगाव बढे इथल्या कास्तकाराने तो सल्ला पाळायचा म्हटले तरी सुरुवात कुठून करणार? महिन्याला उत्पन्नच नाही. मोताळा तालुक्याच्या या घाटाखालच्या पट्ट्यात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन-मका निघाल्यावर. त्यानंतर कापसाच्या वेचण्या होतील तसा, होळीपर्यंत. पाडवा उलटला की आवक बंद होते आणि नेमके तेव्हाच खर्चाला तोंड फुटते. लग्नसराई येते, मशागत येते, बियाणे-खत येते, पोरांच्या शाळा-कॉलेजची फी येते आणि पहिल्या पावसाबरोबर घराघरांत तापही येतो.

म्हणून हिशेब महिन्याचा नको, मृग ते मृग असा मांडा. मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. कर्ज, विमा, म्हातारपणाची सोय यांतले प्रत्येक पाऊल आपल्या पिकाच्या कॅलेंडरवर बसवता आले, तर निम्मी ओढाताण कमी होते.

एक उदाहरण घेऊ. पाच एकर कोरडवाहू वावर, तीन एकरांत कपाशी आणि दोन एकरांत सोयाबीन, त्यात तुरीचे तास. बऱ्यापैकी साल धरले तर एकरी सहा क्विंटलने कापूस १८ क्विंटल, सोयाबीन १० क्विंटल, तूर २ क्विंटल. भाव धरताना हमीभाव धरू नका. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार-सव्वाचार हजारांच्या आसपास विकला जात होता, हे सगळ्यांनीच पाहिले आहे. तेव्हा कापूस ७,०००, सोयाबीन ४,०००, तूर ७,००० धरू. एकूण झाले १ लाख ८० हजार. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी यांत निम्मे सहज जातात. वेचणीच पाहा ना. किलोला १२ रुपये धरले तरी १८ क्विंटलचे २१,६०० रुपये होतात. उरले ९० हजार. त्यात पीएम किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार मिळवले की १ लाख २ हजार. याला बाराने भागा. महिन्याला ८,५०० रुपये.

हा आकडा पाहून जीव खाली बसतो, पण तो पाहिलाच पाहिजे. कारण कापसाची पट्टी हातात पडते तेव्हा एकदम साठ-सत्तर हजार दिसतात आणि घराला वाटते, आता हात मोकळा झाला. तो पैसा त्या महिन्याचा नसतो, पुढच्या जूनपर्यंतचा असतो. तुमचे वावर, तुमचा उतारा, तुमचा खर्च घालून हीच मांडणी वहीच्या एका पानावर करा, आणि घरातल्या बाईला शेजारी बसवून करा. तेल-मीठ, दवाखाना, पाहुणारावळा यांचे खरे आकडे तिलाच पाठ असतात.

पैसा आला की त्याच आठवड्यात तो वेगळा करा. पहिला वाटा घरखर्चाचा. तो दुसऱ्या बचत खात्यात टाका आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढा, म्हणजे घराने घराला दिलेला पगार. दुसरा वाटा पेरणीचा. डिसेंबरात बँकेत जाऊन मे अखेरीला मुदत संपेल अशा बेताने ठेवीत टाकला, तर तो जानेवारीच्या लग्नात किंवा फेब्रुवारीच्या नव्या मोबाइलमध्ये जात नाही. व्याज थोडेच मिळेल, पण खरा फायदा तो नाही. मे महिन्यात उधारीच्या दारात उभे राहावे लागत नाही, हा फायदा आहे.

आता कर्ज. इथे जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे घरे खर्चाने कमी आणि व्याजाने जास्त बसतात.

आधी सगळी देणी एका कागदावर उतरवा. सोसायटी, बँक, पतसंस्था, बचतगट, फायनान्स कंपनी, कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून उसने घेतलेले, व्यापाऱ्याची उचल, सगळे. प्रत्येकापुढे वर्षाचा व्याजदर लिहा. इथेच फसगत होते. गावात दर सांगतात शेकड्याला महिन्याच्या हिशेबाने. ‘दोन रुपये शेकडा’ ऐकायला किरकोळ वाटते, पण ते वर्षाला २४ टक्के झाले. तीन रुपये म्हणजे ३६, पाच रुपये म्हणजे ६० टक्के. उधारीला तर दर सांगतही नाहीत. रोखीने १० हजारांना मिळणारे बियाणे-औषध उधारीने ११,५०० ला घेतले आणि पाच महिन्यांनी पैसे दिले, तर ते वर्षाला ३६ टक्क्यांचे कर्ज झाले. त्यातही माल त्याच दुकानदाराला किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला घालायचा असेल, तर भावातला तोटा वेगळा. म्हणून दुकानात रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारा. लाजायचे काही कारण नाही.

याच्या अगदी उलट टोकाला पीककर्ज आहे. मुदतीत फेडलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची ३ टक्के सवलत मिळून व्याज शून्यावर किंवा शून्याजवळ येते. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. तरीही अनेक घरांत हेच कर्ज सगळ्यांत शेवटी फेडले जाते, कारण सोसायटीचा सचिव दारात येऊन बसत नाही आणि माफीची आशा असते. माफी मिळाली आहे हे खरेच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, आणि त्यानंतर नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहनही मिळाले. पण माफीच्या भरवशावर थकलेल्या घराचे काय होते ते पाहा. सवलत जाते, व्याज पूर्ण दराने चढते, नवे पीककर्ज मिळत नाही आणि पेरणीसाठी तोच माणूस तीन रुपये शेकड्याने पैसे उचलतो. माफी आली तरी ती सोसायटीच्या कर्जाची येते. शेकड्याने घेतलेले कोणी माफ करत नाही.

ज्याचे पीकच गेले त्याला हे ऐकवण्यात अर्थ नाही, आणि तो दोषीही नाही. त्याने बँकेत तोंड लपवू नये. शासनाने दुष्काळ किंवा आपत्ती जाहीर केली की पीककर्जाचे पुनर्गठन करून मिळते, म्हणजे थकलेली रक्कम पुढच्या काही वर्षांच्या हप्त्यांत बदलते आणि नवे कर्ज घ्यायचा रस्ता मोकळा राहतो. तसा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मात्र पुनर्गठित रकमेवर पुढे व्याज लागते, हे आधी विचारून घ्या.

गेल्या काही वर्षांत गावोगाव महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. कर्ज चटकन मिळते, तारण लागत नाही. पण हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला असतो आणि आपला पैसा दिवाळीला. दूध, शेळ्या, पिठाची गिरणी, शिलाई, किराणा असा रोजचा-आठवड्याचा पैसा ज्या घरात येतो, त्या घराला हे कर्ज पेलते. पेरणीसाठी किंवा लग्नासाठी ते घेतले की पहिला हप्ता भरायला दुसरे कर्ज आणि दुसऱ्याचा भरायला तिसरे, असा प्रकार सुरू होतो. व्याजाचा दर सरळ की घटत्या शिलकीवर, हेही नेमके विचारा. ५० हजार रुपये दोन वर्षांसाठी ‘१२ टक्के सरळ’ दराने घेतले, तर व्याज १२ हजार आणि हप्ता सुमारे २,५८३ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर घेतले जाते, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

रिझर्व्ह बँकेचे याबाबतचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत आणि ते प्रत्येक गटातल्या बाईला माहीत असायला हवेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज या नियमांत येते. घरावरच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हे पाहणे कंपनीवर बंधनकारक आहे. वरच्या उदाहरणातल्या घराला ही मर्यादा ४,२५० रुपये बसते. कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकीला तर पूर्ण मनाईच आहे.

सावकाराबद्दलही कायदा स्पष्ट आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, असे दर त्याच वर्षी शासनाने ठरवून दिले. आता शेकड्याचे गणित पुन्हा आठवा. अवैध सावकार अनेकदा कर्जाच्या बदल्यात वावराचे सरळ खरेदीखतच करून घेतो आणि ‘पैसे दिले की परत फिरवून देतो’ म्हणतो. असे खरेदीखत कधीही करू नका, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. ज्यांचे असे झाले आहे, त्यांना जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल आणि तो अवैध सावकारीतला असल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. तालुक्याच्या पातळीवर सहायक निबंधकांच्या कार्यालयात याची माहिती मिळते.

फेडीचा क्रम सोपा ठेवा. सगळ्यांत जास्त व्याजाचे कर्ज सगळ्यांत आधी, पण पीककर्जाची मुदत चुकवायची नाही. घरात सोने असेल आणि डोक्यावर ३६ टक्क्यांचे देणे असेल, तर बँकेत सोने तारण ठेवून ते देणे मोडून काढणे शहाणपणाचे. दागिने कपाटात आणि व्याज वावरावर, याला मी बचत म्हणणार नाही.

भाव पडलेला असताना देणेकऱ्याच्या तगाद्याने माल विकावा लागतो, त्यावरही एक उपाय आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा, मका असा माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे का, हे माल काढण्याआधीच विचारून ठेवा. भाव वाढेलच याची खात्री नसते. देणे भागवण्यापुरता माल विकून उरलेला तारण ठेवणे मला जास्त बरे वाटते.

बुलडाणा जिल्हा सहकारी पतसंस्थांचा. १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेली बुलडाणा अर्बन कुठल्या कुठे पोहोचली, आणि गोदामातल्या मालावर कर्ज देण्याची सवयही तिने लोकांना लावली. पण ठेव ठेवताना कोणत्याही संस्थेच्या नावापेक्षा कायद्यातला एक फरक लक्षात ठेवायचा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. पतसंस्थेतल्या ठेवीला, मग ती जिल्ह्याची असो की मल्टिस्टेट, हे संरक्षण नाही. शेजारच्या जळगावातल्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, ते घाटाखालच्या अनेक घरांनी जवळून पाहिले. बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेला २०१२ साली परवाना नाकारला गेला, तेव्हाही काही वर्षे ठेवीदारांची कोंडी झाली होती. पुढे शासनाच्या मदतीने बँक सावरली. तेव्हा लेकीच्या लग्नाचा, म्हातारपणाचा, पेरणीचा पैसा बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पतसंस्थेत ठेवायचाच असेल तर एकाच ठिकाणी सगळा नको. आणि एक टक्का जास्त व्याज मिळते म्हणून तर नकोच नको.

विम्याकडे वळण्याआधी दवाखान्याचे सांगतो, कारण चांगल्या चाललेल्या घराला कर्जात ढकलण्यात एका शस्त्रक्रियेचा वाटा मोठा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात विनामूल्य आहेत. आयुष्मान कार्ड आजच काढा, आजारी पडल्यावर नको. रुग्णालयात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला शोधा आणि आपला उपचार योजनेत बसतो का, ते विचारा.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत मिळतो. पहिल्यात मृत्यूनंतर २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. मात्र हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो, आणि तेव्हाच पेरणीसाठी खाते रिकामे झालेले असते. शिल्लक नसली की विमा गुपचूप बंद पडतो आणि ते कळते ते माणूस गेल्यावर. मे महिन्यात ५०० रुपये खात्यात राहू द्या. पीक विम्याचाही हिशेब आता बदलला आहे. २०२३ च्या खरिपापासूनची एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरीप अन्नधान्य व तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरायचा असतो. पेरणीच्या वाट्यात तो आधीच धरा.

म्हातारपणाचा विषय निघाला की कास्तकार म्हणतो, वावर आहे, पोरं आहेत. वावर आहे, पण सत्तराव्या वर्षी वखर धरवत नाही. पोरं पुण्याला आहेत आणि त्यांचे त्यांनाच पुरत नाही. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या कोणालाही अटल पेन्शन योजनेत जाता येते. साठीनंतर महिन्याला ५ हजार हवे असतील तर पंचविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला ३७६ रुपये, तिसाव्या वर्षी ५७७ आणि पस्तिसाव्या वर्षी ९०२ रुपये भरावे लागतात. दहा वर्षांचा उशीर किती महाग पडतो ते या आकड्यांतच दिसते. हप्ता सहामाही भरण्याची सोय आहे, तीच घ्या. पेन्शनधारक गेल्यावर नवरा किंवा बायको यांना तेवढीच पेन्शन पुढे मिळते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी किसान मानधन योजना आहे. त्यात वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर ३ हजार मिळतात, आणि हा हप्ता पीएम किसानच्या पैशातून परस्पर वळता करता येतो. घरातल्या बाईला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळत असतील, तर त्यातून तिच्याच नावाची पेन्शन सुरू करण्याइतका चांगला उपयोग मला दुसरा दिसत नाही.

पण ५ हजारांवर विसंबू नका. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तीस वर्षांनी त्या ५ हजारांत आजच्या नऊशे रुपयांचाही बाजार येणार नाही. म्हणून पोस्टात किंवा बँकेत भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते हवे. त्यात वर्षातून एकदा पैसे भरले तरी चालतात, किमान ५०० रुपये. कापसाच्या पैशातून दरवर्षी ५ एप्रिलच्या आत १२ हजार भरले आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर १५ वर्षांनी सुमारे सव्वातीन लाख होतात. शिवाय कोर्टाच्या हुकुमानेही हे खाते जप्त होत नाही. कर्जाच्या सावटात जगणाऱ्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे.

वावर पोरांच्या नावावर करण्याची घाई करू नका. वाटणी करायचीच असेल तर दोघा म्हाताऱ्यांच्या पोटापुरता तुकडा हयातभर स्वतःच्या नावावर ठेवा, आणि सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावून घ्या. बक्षीसपत्र केले तर ‘आमचा सांभाळ करायचा’ ही अट त्यात लिहिलीच पाहिजे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ नुसार, अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मिळते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा असतो.

शेवटी कागद. सातबारा, आठ-अ, पासबुके, विम्याची पावती, पेन्शनचा क्रमांक, कर्जांचा तो एक कागद, सगळे एका पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगा. प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावले आहे का, ते पासबुक भरताना तपासा. घरातला माणूस शेतात साप चावून, वीज पडून, शॉक लागून किंवा फवारणीच्या विषबाधेने गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, आणि त्याला प्रथम माहिती अहवाल किंवा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखात त्याचे भान राहत नाही, म्हणून भाऊबंदांपैकी कोणीतरी ही जबाबदारी घ्यावी. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा, आणि त्यात विधवेचे व मुलींचे नाव सुटलेले नाही ना, हे सही करण्याआधी वाचून पाहावे.